पेवातली हाय

मी लिहायला बसलो आहे याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. मला येणारं लेखन दोनच प्रकारचं, परीक्षेतलं आणि रजेच्या अर्जातलं. अजूनही वाक्याच्या शेवटी 'आहे' लिहिताना माझा हात क्षणभर थांबतो, कारण तोंडात आधी 'हाय' येतं. ज्यांनी आयुष्यभर पुस्तकं वाचली, लिहिली, त्यांच्यापुढं आपलं जुनं वैर घेऊन उभं राहणं शोभत नाही, हे मला कळतं. तरी लिहितो. चांगल्या मनानं लिहितोय असं मात्र म्हणणार नाही. हे रागानं लिहिलेलं आहे, वाचणाऱ्यानं तेवढं धरून चालावं.

आमचं घर हिंजवडीच्या बाजूला. मी सांगतोय तेव्हा कंपन्यांच्या बसगाड्या नुकत्या दिसायला लागल्या होत्या आणि आमच्या अंगणात पेव होतं. पुण्यातल्या लोकांना पेव म्हटलं की ते फुटतं एवढंच माहीत असतं. क्लासेसचं पेव फुटलं, दवाखान्यांचं पेव फुटलं. खरं पेव म्हणजे ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं कोठार. तोंड एवढंसं, की माणूस खांदे आवळून कसाबसा आत जाईल. आत मात्र मुरमात कोरलेली गोल खोली, रांजणासारखी पोटात फुगलेली, दोन पुरुष खोल. आमचं पेव माझ्या लहानपणीच रिकामं झालं होतं. ज्वारी घेणं बंद झालं, तसं झाकण नुसतं अंगणातला दगड होऊन राहिलं.

मी जत्रेत घेतलेली बासरी त्या दगडावर बसून वाजवायचो. एकदा झाकण सरकवून तोंडाशी वाजवली, तर खालून तोच सूर जाडजूड होऊन वर आला. मी घाबरून पळालो होतो. मग रोज तिथंच बसायला लागलो. मला बासरी कुणी शिकवली असं कुणी विचारलं तर खरं उत्तर ते आहे.

पेवात उतरायची एक रीत होती आणि ती माझी आत्या सांभाळायची. आत्या विधवा होऊन माहेरी परतलेली, माझ्या वडिलांपेक्षा मोठी. पेव बरेच दिवस बंद असलं की आतली हवा मरते. म्हणून झाकण काढून ते एक दिवस उघडं ठेवायचं. मग दोराला कंदील बांधून सोडायचा. कंदील विझला नाही तर माणूस उतरायचा, कमरेला दोर बांधून. आणि उतरलेल्या माणसानं गप्प बसायचं नाही. गुणगुणायचं, बडबडायचं, काहीही करायचं, आवाज तुटू द्यायचा नाही. वरचा माणूस मधून मधून हाक देणार, "हाय का?" खालच्यानं म्हणायचं, "हाय." उत्तर आलं नाही की विचार न करता ओढायचं. आत्याचा एक थोरला भाऊ असाच गप्प झाला होता. वरचे लोक गप्पांत होते. त्याला वर काढलं तेव्हा उशीर झाला होता. आत्या तेव्हा सात वर्षांची होती. त्यानंतर आमच्या घरात दोर दुसऱ्या कुणाच्या हातात गेला नाही.

मी कॉलेजसाठी पुण्यात आलो आणि सदाशिव पेठेत एका खोलीत तिघांबरोबर राहायला लागलो. दोन गल्ल्या सोडून एक बासरीचा वर्ग होता. तिथले गुरुजी नावाजलेले होते. मी धीर करून गेलो. त्यांनी माझी फुंकर ऐकली, म्हणाले, "फुंकर चांगली आहे. बाकी सगळं काढून टाकावं लागेल." मला ते कौतुकच वाटलं. तीन वर्षं मी त्यांच्याकडं जात होतो. ते मनापासून शिकवायचे हे मी नाकारत नाही. श्वास कुठं घ्यायचा, सूर कसा सोडायचा, हे सगळं त्यांचं. ते नुसतेच वाईट होते असं सांगता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं.

तिसऱ्या वर्षी गुरुजींनी ध्यानासाठी बासरीची एक सीडी काढायचं ठरवलं. स्टुडिओत मशीननं घातलेला घुमारा त्यांना नको होता. "जागेनं सूर धरला पाहिजे," म्हणायचे. त्यांचे एक मित्र ध्वनिमुद्रण करायचे, ते मशीन खांद्याला लावून बरोबर. दोघं कोरीव लेण्यात जाऊन आले, तिथं शाळेची सहल आली. एका देवळाच्या रिकाम्या हौदात उतरले, तिथं रिक्षाचा हॉर्न सुराहून जास्त घुमला. कुणीतरी सांगितलं म्हणून सकाळी सहाला मंडईच्या घुमटाखाली गेले, तर फ्लॉवरच्या पोत्यांवरून दोन हमालांचं भांडण अतिशय सुंदर ध्वनिमुद्रित झालं. गुरुजी हे वर्गात सांगत होते आणि सगळे हसत होते.

मी मागून म्हणालो, "गुरुजी, आमच्याकडं पेव हाय."

"काय हाय?"

"पेव. ज्वारीचं. आत सूर लई घुमतो."

"मला वाटायचं पेव फक्त फुटतं," गुरुजी म्हणाले. "आणि अरे, हाय काय हाय? कशाची हाय खाल्लीस? 'आहे' म्हण. तीन वर्षं सूर लावतोयस, एक क्रियापद लागत नाही तुझं."

सगळे पुन्हा हसले. मीही हसलो. पण तिथूनच सुरुवात झाली असं आता वाटतं.

पौषातला रविवार होता. गुरुजी आणि त्यांचे मित्र सकाळी गाडीनं आले. आत्यानं आदल्या दिवशीच झाकण काढून ठेवलं होतं. तिनं कंदील सोडला, तो तळाशी स्वच्छ जळत राहिला. मित्रांनी मायक्रोफोन दोरानं खाली सोडला. गुरुजींनी शाल काढली, तोंडाशी बसून पाय आत सोडले. मग खाली बघितलं. बराच वेळ बघत होते. त्यांचे हात दगडावर पांढरे पडलेले मला दिसले.

"अहो बाई, आत हवा बरी आहे ना?"

"कंदील जळतोय न्हवं? मानूसबी जळंल."

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पाय वर घेतले. म्हणाले, "मला जरा दम्याचा त्रास आहे. तू उतर. आधी आवाजाची चाचणी घेऊ." आणि त्यांनी आपली मोठी बासरी माझ्या हातात दिली. तीन वर्षांत मी तिला कधी हात लावला नव्हता.

आत्यानं माझ्या कमरेला दोर बांधला. मी विचारलं, "बासरी तोंडाला असल्यावर हाय कसं म्हणू?"

"त्यातनंच म्हन की."

मी खाली उतरलो. तळाशी गार होतं आणि जुन्या कडब्याचा वास येत होता. वर तोंडाचा गोल उजेड, त्यात आत्याचं डोकं. मी पहिला सूर लावला आणि तो गेलाच नाही. भिंतींनी धरून ठेवला. तो असतानाच दुसरा लावला तर पहिला त्याच्या खाली जाऊन बसला. मला काय वाजवायचं हे माहीत नव्हतं. थांबायचं नाही एवढंच माहीत होतं, कारण थांबलो की ती ओढणार. म्हणून मी एक सूर विरायच्या आत पुढचा लावत गेलो, अगदी हळू, श्वास पुरवत. वरून हाक यायची, "हाय का?" मी बासरीतून उत्तर द्यायचो. एक लांब सूर आणि लगेच त्याच्या खालचा आखूड. हा, य. पहिल्यांदा दिलं तेव्हा वरून आत्याचं हसू आलं. मग ते उत्तर वाजवण्यातच मिसळून गेलं. मी हाकेची वाट बघून तिथवर येऊ लागलो. पाऊण तास झाला असं नंतर कळलं.

वर आलो तेव्हा गुरुजी डोळे मिटून खुर्चीवर बसले होते. डोळे उघडून एवढंच म्हणाले, "बरं." आत्या दोर गुंडाळत म्हणाली, "चांगलं वाजिवलंस. जित्ता हाईस ते सारखं कळत हुतं."

गुरुजी म्हणाले, आता अंदाज आला, पुढं बघू. पुन्हा काही ते आले नाहीत. जाताना आत्यानं त्यांच्या मित्रांना विचारलं, "त्यात माजाबी आवाज आला आसंल का वो?" ते म्हणाले, आलाय तर, चांगला आलाय. पंधरवड्यानं त्यांनी खरंच एका कॅसेटवर सगळं उतरवून तिच्यासाठी माझ्याकडं दिलं. भला माणूस.

सात महिन्यांनी सीडीचं प्रकाशन झालं. सभागृह भरलेलं. मी आत्याला घेऊन गेलो होतो, गुरुजींची सीडी म्हणून. मुखपृष्ठावर गुरुजी, डोळे मिटलेले, मागं लेण्याचा खांब. दिवे मंद केले आणि सीडी लावली.

पहिल्या सुरालाच आत्यानं माझं मनगट धरलं. मला वाटतं तिनं माझ्याआधी ओळखलं. तिच्या हाका काढून टाकल्या होत्या. उत्तरं तशीच होती. कुणी विचारलं नसताना मी सारखा सांगत होतो, हाय, हाय. आत्या शेजारी बसून पुटपुटत होती. आधी मला वाटलं देवाचं नाव घेतेय. मग ऐकलं. ती प्रत्येक उत्तराच्या आधी तिची हाक म्हणत होती, जागच्या जागी.

नंतर एक प्राध्यापक बोलले. ती जी दोन सुरांची जागा पुन्हा पुन्हा येते, ते म्हणाले, ते आत्म्यानं विश्वाला दिलेलं उत्तर आहे. गुरुजींनी हात जोडले.

मी त्यांना मागच्या खोलीत गाठलं. ते हार काढत होते. मी म्हणालो, "गुरुजी, ते तर मी..."

"बासरी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची."

"शिकवलं कोणी?"

"तुम्ही."

"मुद्रण कोणी करवलं? मग तुझं काय राहिलं? फुंकर. अरे, फुंकर तर लोक चहावरसुद्धा घालतात."

खोलीतले दोघंतिघं हसले. मागं आत्या उभी होती. तिला पुण्याचं बोलणं सगळं कळत नसे, हे मात्र कळलं. ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, तुमास्नी ह्या पोराची हाय लागंल."

"आहे म्हणा, बाई," गुरुजी म्हणाले. त्यांना वाटलं ती क्रियापदच बोलतेय. का मुद्दाम म्हणाले, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. पुन्हा सीडी काढावी, माझा फोटो छापावा, असलं काही नाही. त्यांनी चार माणसांत एकदा म्हणावं, ते मी वाजवलेलं नाही, याचं आहे. आणि ते म्हणताना त्यांची मान खाली असावी. हे दुसरं मी मनात कितीदा पाहिलं असेल. बसमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये. अभ्यासाच्या वहीत मी त्यांना विचारायचे प्रश्न लिहून ठेवायचो, शुद्ध भाषेत.

वर्षभरानं संधी आली. त्यांचं सप्रयोग व्याख्यान होतं, शेवटी श्रोत्यांचे प्रश्न. मी आत्याची कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घालून, ती जागा शोधून, पिशवीत घेऊन गेलो. बटण दाबलं की आत्याची हाक आणि तिच्यामागून माझं उत्तर. दुसरा पुरावा लागला नसता. मी उठलो. आरशासमोर पाठ केलेलं वाक्य म्हणालो, "गुरुजी, आपल्या ध्वनिमुद्रणातल्या त्या दोन सुरांचा अर्थ काय आहे?" 'आहे' स्वच्छ आलं. त्यांनी मला ओळखलं. मग शून्य, अनंत वगैरे बोलले. मी म्हणालो, "एकदा वाजवून दाखवाल?"

त्यांनी वाजवलं. आणि चुकले. मी पहिला सूर लांब धरला होता, दुसरा आखूड. त्यांनी पहिला आखूड घेतला आणि दुसरा ओढत नेला. त्यातून 'हाय' निघालंच नाही. कुणीतरी कण्हल्यासारखं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं बोट पिशवीत बटणावर होतं. दाबायचं बाकी होतं. तेवढ्यात मला तो आवाज आधीच ऐकू आला. भरल्या सभागृहात आत्याचा मोठा, खरखरीत आवाज, "हाय का रं?" आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत हसू. ते गुरुजींना हसले नसते, आधी तिला हसले असते. मी बोट काढलं आणि खाली बसलो. त्या बसण्याचा राग मला गुरुजींच्या रागाहून जास्त वर्षं पुरला.

वर्ग मी कधीच सोडला होता. मग वाजवणंही सुटलं, पेपरात बासरीचं काही आलं की मी पान उलटायला लागलो. एका कॉलेजच्या कार्यालयात नोकरी लागली. पण त्यांना सुखानं डोळे मिटू द्यायचे नाहीत, हे मी ठरवलं होतं. पौषातला तो रविवार जवळ आला की मी एक पोस्टकार्ड घ्यायचो. पत्त्याच्या बाजूला गुरुजींचं नाव आणि घर. दुसऱ्या बाजूला दोन शब्द, 'हाय का?' सही नाही, गाव नाही. गावाकडच्या पेटीत टाकायचो नाही, शिक्क्यावरून कळेल म्हणून. पुण्यात टाकायचो, दर वर्षी वेगळ्या पेटीत. कार्ड पडल्याचा आवाज ऐकून मला बरं वाटायचं. ते उचलतील, वाचतील, त्यांना तो गार दगड आठवेल, पांढरे पडलेले हात आठवतील. उत्तर द्यायचं तर कुणाला द्यायचं हे त्यांना कळणार नाही. असं मी त्यांना खाली ठेवलं होतं आणि दोर माझ्या हातात होता.

आत्याला हे ठाऊक होतं. पेव एका कंपनीच्या गाड्या लावायच्या जागेखाली गेलं, आम्ही चौथ्या मजल्यावर राहायला आलो, तिला ऐकू कमी यायला लागलं. तरी पौष आला की ती विचारायची, "टाकलंस का कार्ड?"

"टाकलं."

"म्हनला का त्यो?"

"न्हाई."

"ऱ्हाऊ दे. पुढल्या साली टाक."

आम्ही दोघं असे अकरा वर्षं. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी आम्ही दोघं खुशीत असायचो.

यंदाचं कार्ड मी कार्यालयातच लिहिलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. घरी जाताना टाकणार होतो. आधी मंडईत मेथी घ्यायला शिरलो. जुडी निवडत होतो तेव्हा कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. गुरुजींचे ते मित्र, मशीनवाले. केस पूर्ण पांढरे झाले होते.

"वाजवतोस का रे अजून?"

"नाही."

"वाईट केलंस," ते म्हणाले. मग माझ्याकडं न बघता मेथीची पानं चाळत राहिले. "त्या वेळी मी बोलायला हवं होतं. आवाज कापायचं काम माझ्याच हातून झालं."

मला ते त्यांच्याकडून नको होतं.

"परवा वहिनींकडं गेलो होतो," ते म्हणाले. वहिनी म्हणजे गुरुजींच्या पत्नी. "त्यांनी मला एक गंमत दाखवली. दर वर्षी या दिवसांत त्यांच्याकडं एक निनावी कार्ड येतं. त्यावर दोनच शब्द. सगळी जपून ठेवली आहेत, बासरीच्या पेटीत. मी वाचलं आणि मला तुझी आत्या आठवली."

माझा हात खिशाकडं गेला, तो मी खाली घेतला.

"पहिलं कार्ड आलं तेव्हा वहिनींनी विचारलं होतं, हे काय? तर गुरुजी म्हणाले, खाली उतरलेल्या माणसाला वरून असं विचारतात."

"एवढंच म्हणाले?"

"एवढंच. पण मग दर वर्षी कार्ड आलं की हातात घेऊन मोठ्यानं म्हणायचे, 'हाय.' वहिनींना वाटायचं चेष्टा करतायत. या माणसाच्या तोंडात 'हाय'! एकदा त्यांनी सांगितलं, अहो, आहे म्हणा. तर चिडले. म्हणाले, इथं तेच बरोबर आहे."

मेथीवाली बाई म्हणाली, "जुडी घ्यायचीय का नुस्ती बघायचीय?" मी जुडी घेतली.

"आता वहिनी कार्डाची वाट बघतात," ते म्हणाले. "मला विचारत होत्या, यंदाचं कसं आलं नाही अजून. आलं की त्याच म्हणतात 'हाय', एकट्याच, दारात उभ्या राहून."

"त्या का? गुरुजी म्हणत नाहीत?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"म्हणजे तुला कुणी कळवलंच नाही? अरे, गुरुजींना जाऊन दोन वर्षं झाली."